शिक्षकाला आमदारकी झेपते का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तासगावकडचे तुमचे एक सर निवृत्त झालेत, विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघातून उभं राहायचं त्यांच्या मनात आहे, आणि घरचे म्हणतायत की मास्तराचं तिथं काय काम. आपल्या भागात आधी कुणी हे केलंय का?

केलंय की. तुमच्या सरांना नाव तोंडपाठ असणार: प्रा. एन. डी. पाटील. मी वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवला, स्वतः राजकारणात कधी पडलो नाही, पण शिक्षक संघटनेच्या सभांना जन्म गेला. त्या सभांमध्ये एन. डी. सरांचं उदाहरण हमखास निघतं आणि बहुतेक वेळा उलटं सांगितलं जातं. "बघा, एक प्राध्यापक विधिमंडळात गेला आणि गाजला," असं. जरा तारखा बघा. सरांचं गाव ढवळी, जन्म १९२९ चा. शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) ते गेले १९४८ ला. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवायला लागले १९५४ ला. म्हणजे पक्ष आधी, खडू नंतर. शिकवता शिकवता 'कमवा आणि शिका' योजनेचे रेक्टर झाले, पुढे इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य, आणि १९६० लाच विधान परिषदेवर. सभागृहात पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्या मागे शेकापचं गावोगावचं जाळं होतं. नुसती प्राध्यापकी घेऊन गेले असते तर सहा वर्षांत लोक विसरले असते, असं माझं मत आहे.

१९६० ते ६६, मग १९७० पासून ८२ पर्यंत, अशी एकूण अठरा वर्षं ते परिषदेवर होते. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीचं सरकार आलं तेव्हा सहकारमंत्री झाले, पण ते सरकारच फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. १९८५ ते ९० कोल्हापुरातून विधानसभेवर. (जाता जाता: १९६० ते ७८ परिषदेच्या सभापतीच्या खुर्चीवर होते तुमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, रोजगार हमी योजनेचे जनक. या दोघांना ऐकायला त्या काळी गॅलरीत बसायला मिळालं असतं तर मी एसटीने मुंबई गाठली असती.)

मग शिक्षकी पेशाचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि तो नेमका कुठे हे कळायला विधिमंडळाची छापील प्रश्नोत्तरं वाचावीत. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, ठरलेल्या साच्यात असतो: "अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली?" आणि खाली मंत्र्यांचं उत्तर: "हे खरे नाही." किंवा "हे अंशतः खरे आहे." आणि शेवटी शासनाचं लाडकं वाक्य, "प्रश्न उद्भवत नाही." इथे आमदाराची खरी परीक्षा सुरू होते. त्या 'अंशतः'मध्ये काय दडवलंय ते पुरवणी प्रश्नातून बाहेर काढायचं असतं. त्यासाठी आदल्या रात्री जीआर, अर्थसंकल्पाची पुस्तकं, जुनी उत्तरं वाचावी लागतात. ज्याने तीस वर्षं पोरांच्या वह्यांत 'उत्तर अपूर्ण' असा शेरा मारलाय, त्याची नजर तिथे चालते. एन. डी. सरांची ख्याती याच तयारीची होती. त्यांची भाषणं लांबत, पण आकडे सांगून विषय शेवटच्या माणसापर्यंत नेत. लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही सभागृहातली हत्यारं अभ्यास करणाऱ्याच्याच कामाची. ज्याला फक्त घोषणा द्यायच्या आहेत त्याला ती जड जातात.

आता तुमच्या सरांच्या जागेबद्दल. परिषदेच्या ७८ जागांपैकी शिक्षकांच्या ७. आपली जागा पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांची. एवढ्या पट्ट्यात विधानसभेचे ५८ आमदार आहेत आणि हा एकटा. २०१४ ला दत्तात्रय सावंत इथून अपक्ष निवडून आले, २०२० ला काँग्रेसचे जयंत आसगावकर. मतदान पसंतीक्रमाचं, म्हणजे नावांपुढे १, २, ३ असे आकडे, तेही निवडणूक कर्मचाऱ्याने दिलेल्या जांभळ्या पेनानेच लिहायचे. मतदार सगळे शिक्षक, तरी दर वेळी मतं बाद होतात. कुणी आकड्याऐवजी बरोबरची खूण करतं, कुणी खाली सही ठोकून येतं. हसू नका, सवयीचा दोष आहे.

निवडून आल्यावर दिवस कसा जातो, तेही सरांना सांगा. पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी अडकलाय, नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेची फाईल कोल्हापूरच्या उपसंचालक कार्यालयातून हलत नाही, फरकाचं बिल, मेडिकल बिल, जुनी पेन्शन. 'कायम विनाअनुदानित', म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मागण्याच्या अटीवर निघालेल्या शाळांचं दुखणं तर २००१ पासूनचं. 'कायम' शब्द २००९ ला निघाला, पण अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी, तेही आझाद मैदानावर बसल्याशिवाय सुटलं नाही. बिनपगारी राबलेल्या माणसासाठी ते वीस टक्के म्हणजे घर चालणं, त्यामुळे या कामाला मी कमी लेखत नाही. पण यातच सहा वर्षं संपतात. अभ्यासक्रम, शाळेबाहेरची पोरं, खेड्यातली पटसंख्या यावर बोलायला उसंत राहत नाही, आणि बोललं तरी त्यावर मत देणारं कुणी नसतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना तर या मतदारसंघात मतच नाही. माध्यमिकच्या खालचे धरत नाहीत. ज्या गुरुजींनी पाया घातला तेच यादीबाहेर, हे मला कधी पटलेलं नाही.

सोनसळच्या पतंगराव कदमांनी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकवलं, पुढे १९६४ ला भारती विद्यापीठ काढलं आणि मग आमदार, मंत्री झाले. पण तो रस्ता संस्थाचालकाचा, तुमच्या सरांचा नव्हे.

एन. डी. सरांचं पुढचं काम बघितलं तर बरंचसं सभागृहाबाहेरचं आहे. १९९० ते २००८ रयत शिक्षण संस्थेचं चेअरमनपद, शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्धची आंदोलनं, सीमाप्रश्न, ऐंशी पार केल्यावर कोल्हापूरचा टोलविरोधी लढा. तो टोल २०१५ च्या डिसेंबरात रद्द झाला. जानेवारी २०२२ मध्ये सर गेले. आमदारकी नसताना लोक त्यांच्या मागे येत होते, म्हणून आमदारकी असताना त्यांच्या शब्दाला वजन होतं. तेव्हा तुमच्या सरांना विचारा: आमदार नसताना आज त्यांच्या हाकेला पाच जिल्ह्यांतले किती शिक्षक येतील? आकडा बरा असेल तर घरच्यांना मी समजावतो.

आणि एक तांत्रिक गोष्ट. या जागेची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते. मतदार यादी दर वेळी नव्याने होते. जुनं नाव आपोआप येत नाही, नमुना १९ भरावा लागतो. मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा वरच्या शाळेत शिकवलेलं असेल तरच मत. उमेदवाराला मात्र ही अट नाही. वय तीस आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं पुरतं. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७२ लाच सांगितलंय, आणि शिक्षकांच्या जागेलाही तोच न्याय. म्हणजे सर निवृत्त होऊन तीन वर्षांवर काळ लोटला असेल, तर ते शिक्षकांचे उमेदवार होऊ शकतात, पण स्वतःला मत देऊ शकत नाहीत.