तीर्थनसाठी फ्लाय बांधताना: पिसं-केस की सिंथेटिक?

ऐरोलीकर, तू विचारलंयस की हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउट मासे पकडायला जायचंय, फ्लाय (हुकावर पिसं, केस, धागे बांधून केलेला नकली किडा) पहिल्यांदाच स्वतः बांधतोयस, तर सगळं सामान सिंथेटिकच घेतलं तर चालेल का, कारण पिसं-केस महाग पडतात आणि आपल्याकडच्या पावसात टिकत नाहीत. चालेल, पण सगळंच नको. फ्लायच्या कुठल्या भागाने पाण्यात काय करायचंय, तरंगायचंय, बुडायचंय की हलायचंय, ते बघ आणि त्यावर सामान ठरव.

तरंगायला एल्क या मोठ्या हरणाचा केस मस्त, आतून पोकळ असतो, हवा धरतो, म्हणून एल्क हेअर कॅडिस (कॅडिस नावाच्या पाणकिड्यासारखी फ्लाय) खळाळत्या पाण्यातही वर राहते. पण तिथे फोमही बिनधास्त वापर, स्टेशनरीच्या दुकानातली 2 मिमीची ईव्हीए शीट चालते. संथ डोहात मात्र फोम नको, तिथे ट्राउट निवांत वर येऊन फ्लाय निरखतो आणि फोम जाडजूड दिसतो, तिथे सीडीसी घे. हे बदकाच्या शेपटीजवळ जी तेलाची ग्रंथी असते तिच्या भोवतीचं पीस, बारीक तंतूंमध्ये हवा अडकते म्हणून तरंगतं. त्याला जेलवालं फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवायला लावतात ते) लावायचं नाही, तंतू एकमेकांना चिकटून लगदा होतो. माशाच्या बुळबुळीने भिजलं की पाण्यात खळबळून रुमालात दाबायचं आणि हवेत दोन-तीनदा फिरवायचं, परत फुलतं.

पंखांना पॉलिप्रॉपिलीनचा धागा छान, घनता साधारण 0.9 म्हणजे पाण्याहून हलका. नायलॉन 1.14, पॉलिएस्टर 1.38, दोन्ही बुडणारे. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्याच्या लेखी सगळी लोकरच. ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाक, धाग्याचा तुकडा त्यात बुडवून बोटांनी चोळ म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल, आणि मग सोड. वर आला तर घे, तळाला गेला तर निम्फसाठी (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी बुडणारी फ्लाय) ठेव. अँट्रॉन नावाचा धागा पण नायलॉनच, त्याचे तंतू तीन कडांचे असल्यामुळे चमकतात, अमेरिकेतल्या गॅरी लाफोंटेन या फ्लाय बांधणाऱ्याने कॅडिसच्या प्युपाभोवतीचे (कोशावस्थेतल्या किड्याभोवतीचे) हवेचे बुडबुडे दाखवायला तेच वापरलं होतं.

निम्फच्या अंगाला मात्र मी नैसर्गिकच सांगेन. इंग्लंडच्या फ्रँक सॉयरने बनवलेल्या, फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाच्या फेझंट टेल निम्फमध्ये दोराच नाही, बारीक तांब्याच्या तारेनेच तंतू बांधलेत, बांधणीही झाली आणि वजनही आलं. ही तार ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे विचार, तुकडे मिळून जातील. मोरपिसाचा तंतू गुंडाळलास तर त्यावर तार उलट्या दिशेने फिरव, नाहीतर ट्राउटचे दात लागले की एका माशात सगळं उलगडतं. गळून पडलेली मोरपिसं देशात बाळगायला कायद्याची सूट आहे, परदेशी मित्राला पाठवायची मात्र नाहीत. आणि येऊरच्या जंगलात फिरताना पिसं-बिसं गोळा करायला जाऊ नकोस, ते नॅशनल पार्क आहे. तसंच कोणी रानकोंबड्याची मान विकायला आणली तर लांबूनच नमस्कार, संरक्षित पक्षी आहे.

हॅकलसाठी (हुकाभोवती गुंडाळायच्या पिसासाठी) ब्रॉयलरचं पीस कुचकामी, कोंबडी जेमतेम दीड महिन्याची असते, पीस नीट वाढलेलंच नसतं. गावठी कोंबड्याच्या मानेचं घे, अमेरिकेतले खास पैदाशीचे कोंबडे येण्याआधी परदेशातले लोक आपल्याकडच्याच माना मागवायचे. पाण्याखालच्या फ्लायला कोंबडीचं मऊ पीस, ते हलतं आणि हलणं हीच तिथली खरी गंमत, ती सिंथेटिकला अजून नीट जमत नाही. चमकी एक-दोन तंतूच घाल, तीर्थनचं पाणी नितळ असतं, जास्त लखलखाट केलास तर मासा बिचकतो. बर्फाच्या वितळीचं गढूळ पाणी असेल तर थोडी वाढव.

सशाच्या केसात एकाच केसावर दोन-तीन छटा असतात, सिंथेटिक डबिंग (दोऱ्यावर पिळून फ्लायचं अंग करायचे मोकळे तंतू) सगळं एकसुरी, म्हणून दोन-तीन रंग बरणीत कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून हलव, गाळून वाळव. (मिक्सरमध्ये केलंस तर आईला मी सांगितलं असं सांगू नकोस.)

खराब व्हायचं म्हणशील तर पिसं गरम साबणाच्या पाण्यात धुऊन कडक वाळव, झिप पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेव, कसर मरते, मग पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. हुकही त्याच डब्यात, नाहीतर खाडीच्या हवेने गंजतात. आणि हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते, तेव्हा तिकीट मार्चनंतरचं काढ, परवानाही मत्स्य विभागाकडूनच घे.