मुंब्रा सोडून गावाकडं येताय, तर आधी घराचा कागद बघा

सलाम ताई. मालक जाऊन दीड वर्ष झालं, मुंब्र्याचं भाडं झेपेना, म्हणून दोन लेकरं घेऊन निलंग्याकडच्या सासरगावी कायमचं यायचं म्हणताय. आणि भीती एकच, बुरख्यातली शहरातली बाई गावाला चालेल का. मी नऊ वर्षांखाली अशीच भिवंडीहून औसा तालुक्यात आले. गावात आमची मोजून अकरा घरं.

गावाची धास्ती सोडा. गाव सहा महिने नुसतं बघतं, मग कंटाळतं. पहिल्या रमजानात शेजारच्या आक्काच मला ओरडायच्या, "बांग झाली की गं, काय भांडी घासत बसलीस!" माझं भिवंडीचं हिंदी ऐकून आमच्याच गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, ते मात्र लई लागलं. आता मीच "हौ, नक्को" बोलते.

खरी अडचण उंबऱ्याच्या आत असते. सासरे हयात, दोन दीर, असं तुम्हीच लिहिलंय. आपल्या शरियतीत बाप आधी गेला आणि चुलते हयात असले, तर आजोबाच्या वारशात नातवंडांचा हिस्सा निघत नाही. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "भाभी, घर तुमचंच" म्हणणाऱ्या दिरानं सासऱ्यांच्या चाळिसाव्यानंतर पडवी दाखवली, तीही मेहरबानी म्हणून. सासरे मनात आणतील तर हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करून ताबा देऊ शकतात, किंवा नातवंडांच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसियत, म्हणजे मृत्युपत्र, करू शकतात. तोंडी हिबा चालतो असं जमातीतले सांगतील. चालतो, पण तुम्ही बक्षीसपत्राची नोंदणी करा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घराच्या नोंदीला, नाव लावून घ्या. शेतजमिनीचं वकिलाला विचारा, तिथं माझ्या भरवशावर राहू नका. हे बोलणं सामान हलवायच्या आधी. नंतर तोंड उघडलं की आपण लोभी ठरतो.

शाळेचं म्हणाल तर लहान गावात जिल्हा परिषदेची मराठी शाळाच असते. उर्दू शाळेसाठी मोठं गाव गाठावं लागतं. माझी पोरगी चौथीत उर्दूतून मराठीत आली, दोन महिने रडली, नंतर माझे अर्ज तीच लिहायला लागली. अरबी संध्याकाळी मशिदीत.

पोटापाण्याला शेळ्या. उस्मानाबादी घ्या, काळीभोर, बहुतेकदा जुळी करडं देणारी. दोनच घ्या, त्याही गाभण आणि गावातल्याच. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. मृगाचा पाऊस पडला, बांधावर कोवळं गवत आलं, मी पोटभर चारलं. संध्याकाळी करडं पाय झाडायला लागली, रात्रीत तीन गेली. आंत्रविषार म्हणतात त्याला. पावसाआधी लस टोचायची असते, हे डॉक्टरनं मेलेल्या करडाजवळ बसून सांगितलं. बोकड बकरीदला विकायचा तर वर्ष पुरं झालेला हवा. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघतंय, दोन दाती आहे का आदत, म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा. आदतीला कुर्बानीचा भाव येत नाही.

उमेद म्हणजे सरकारचं गावातल्या बायांसाठीचं अभियान, त्याच्या बचत गटात नाव घाला. संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला करा, दरमहा १५०० मिळतात. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला आणि मालकांचा मृत्यूचा दाखला लागतो. तो मुंब्र्यातूनच चार प्रती काढून आणा, नाहीतर एका कागदापायी गाडीभाडं जातंय. रेशनकार्डातली नावंही तिथूनच कमी करून या.

मे महिन्यात येऊ नका. घागरीच्या रांगेत उभं राहून पहिली ओळख झालेली बरी नाही. आधी वेळा अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, लेकरं घेऊन चार दिवस येऊन बघा. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, कडब्याच्या कोपीपाशी पंगती बसतात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. भज्जी-भाकरी, सगळं शाकाहारीच, काही शंका नको. आंबिल मात्र आंबट असते, लेकरांना आधी सांगून ठेवा.