मटकी चिकट का होते, आणि घरी मोड कोणत्या बियांना आणावेत

ताई, तुम्ही लातूरहून चार गोष्टी विचारल्यात. एप्रिल लागल्यापासून मटकी चिकट होते नि आंबूस वास येतो, त्याचं काय करावं. मोडांच्या टोकांवर पांढरी लव दिसते, ती बुरशी का. मटकी-मुगापलीकडे मेथी, मोहरी, अळीव, ज्वारी यांना घरी मोड येतील का. आणि मोड आणायचं ते तीन मजली प्लास्टिकचं भांडं घ्यावं का. शेवटी जाता जाता लिहिलंत की पेरणीतून उरलेलं सोयाबीनचं बी घरात आहे, त्यालाही मोड आणून बघणार आहात. मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. बाकी काही चुकलं तर वाटीभर मटकी वाया जाईल, इथं चुकलं तर दवाखाना गाठावा लागेल.

ते बी खाऊ नका. पेरणीच्या पिशवीतल्या बियाण्याला थायरम, कार्बेन्डाझिम असली बुरशीनाशकं लावलेली असतात, कधी कीटकनाशकही असतं. त्याचा गुलाबी-लाल रंग मुद्दाम दिलेला असतो, कुणी ते खायचं धान्य समजू नये म्हणून. चार पाण्यानं धुतलं की रंग जातो, पण औषध पूर्ण जात नाही. बी रंगीत नसलं तरी घरी बीजप्रक्रिया करताना औषध चोळलेलं असू शकतं. आपल्याकडं पेरणीच्या धांदलीत अर्धी पिशवी उरते, ती माळ्यावर जाते आणि वर्षानं कुणाच्याच लक्षात राहत नाही की ती कसली. कोंबड्यांना, जनावरांनाही घालू नका. पिशवीवर ठळक लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. मोडांसाठी धान्य घ्यायचं ते वाण्याकडून खायचं म्हणून विकलेलं अख्खं धान्य, नाहीतर घरच्या शेतातलं, औषध न लागलेलं.

आता चिकटपणाचं. बी भिजलं की ते जागं होतं, श्वास घ्यायला लागतं आणि स्वतःची ऊबही सोडतं. मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसपर्यंत जातो, त्यात बंद स्वयंपाकघर, त्यात डब्यात दाबून भरलेली किलोभर मटकी. मधल्या नि तळाच्या दाण्यांना हवा मिळत नाही, खाली पाणी साचतं, आणि मोड यायच्या आधी तिथं जंतूच वाढतात. तो आंबूस वास त्यांचा. मटकीत खोट नसते.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून मटकी ठेवली होती. सकाळी पाहुणे यायचे होते. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळी मटकी खताच्या खड्ड्यात नेऊन टाकली. रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी पुन्हा मटकी भिजत घातली आणि म्हणाल्या, भिजवायला सगळ्यांनाच येतं, तू निथळायला शिक. तेव्हापासून मी निथळण्यालाच जास्त वेळ देते. तुमच्याही अडचणीचं मूळ मला तिथंच दिसतं.

रात्री भिजत घालून सकाळी उपसायचं हे दहा-बारा तासांचं गणित हिवाळ्याचं आहे. उन्हाळ्यात मटकी-मुगाला पाच-सहा तास पुरतात. मी पहाटे भिजत घालते, मध्ये एकदा पाणी बदलते आणि दुपारच्या जेवणाआधी उपसते. मग चाळणीत घेऊन चाळणी तिरकी ठेवते, चांगला अर्धा तास. तळाशी बोट लावून बघायचं. बोटाला पाणी लागलं तर अजून थांबायचं. मग पंचा भिजवून घट्ट पिळून बांबूच्या दुरडीत पसरते, त्यावर दोन बोटं जाडीचा थर देते आणि पंच्याची टोकं नुसती वरून सैल टाकते, गाठ मारत नाही. दुरडी माठाशेजारी ठेवते. माठाखालची वाळू ओली असते, तिथं घरातल्या इतर जागेपेक्षा गारवा असतो. माठ नसेल तर ओल्या गोणपाटावर दुरडी ठेवा. रात्रीपर्यंत एकदा नि झोपताना एकदा दाणे पाण्यातून काढून पुन्हा तसेच निथळायचे. सकाळी अर्ध्या बोटाचे मोड असतात. ते झाले की लगेच शिजवा नाहीतर फ्रीजमध्ये टाका, उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका.

हिवाळ्यात उलटं. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा कोमट पाण्यात भिजवा, रात्रभर ठेवा आणि दुरडी जुन्या शालीत गुंडाळा. दीड-दोन दिवस लागले तरी घाबरायचं कारण नाही.

पाण्याचंही सांगते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस तुमच्या घरात कुणी विसरलं नसेल. वाटीभर मटकीला भिजवणं-धुणं धरून तीन-चार लिटर पाणी लागतं. ते सगळं बादलीत धरून कुंड्यांना घाला. पण नळ आठ-आठ दिवसांनी येतो, पाणी टाकीत साठून राहतं, म्हणून शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्यानं करा.

उपसताना एक काम अजून. जे दाणे फुगलेच नाहीत, टणक राहिले, ते वेचून काढा. ते गणंग. त्यांना मोड येत नाहीत आणि उसळीत खड्यासारखे दाताखाली येतात. मटकीत नि हुलग्यात ते जास्त असतात. भोक पडलेले, पाण्यावर तरंगणारे दाणेही काढा, भुंगेऱ्यानं आतला कोंबच खाल्लेला असतो.

मोडच कमी येत असतील तर धान्य जुनं असेल किंवा काढणीच्या वेळी भिजलेलं. ऑगस्ट-सप्टेंबरात मूग काढायला आला आणि पाऊस लागून राहिला की उभ्या झाडावर शेंगांतच कोंब फुटतात. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटवायलाही मन होत नाही. असा मूग वाळवून बाजारात येतो तेव्हा रंगानं फिका, सुरकुतलेला दिसतो आणि त्याला घरी पुन्हा नीट मोड येत नाहीत. पाच-दहा किलो घ्यायचं असेल तर आधी मूठभर आणून सोयाबीनची उगवण तपासतात तशी तपासा. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, ओलसर ठेवायची. पेरणीच्या सोयाबीनला सत्तर उगवले तरी बी चालतं. मोडांच्या मुगात मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्वदच्या खाली उगवलेलं धान्य घेत नाही, कारण न उगवलेले दहा-वीस दाणेच आधी सडतात आणि बाकीच्यांना चिकटवतात.

पांढऱ्या लवेला घाबरू नका, पण ओळखायला शिका. मुळाभोवती सारखी, ब्रशासारखी बारीक लव असेल आणि पाण्यातून काढल्यावर ती बसून दिसेनाशी होत असेल, तर ते मुळाचेच केस आहेत. दाणा कोरडा पडायला लागला की मूळ पाणी शोधायला ते काढतं. मेथी-मोहरीत ते फार ठळक दिसतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, एका कोपऱ्यात जास्त असते, करडी-काळी होते, धुतली तरी राहते आणि कुबट वास येतो. ती दिसली तर वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको, सगळं टाका.

आता बियांकडं येते. हरभरा आणि हुलगा यांना भिजायला दहा-बारा तास लागतात, उन्हाळ्यात मध्ये दोनदा पाणी बदला. हुलग्याचं आपल्याकडं नाव कमी घेतलं जातं, शेंगोळ्यापुरतंच. पण मोड आणलेल्या हुलग्याची येसर लावलेली पातळ उसळ आणि ज्वारीची भाकरी एकदा करून बघा. हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येणारं हे कडधान्य आहे, आपल्या भागाचं आहे. अख्खा मसूर सोपा. चवळीही सोपी, पण लवकर आंबते, म्हणून मी ती थंडीतच करते.

मेथीला दोन-तीन दिवस लागतात. भिजल्यावर बुळबुळीत होते म्हणून पहिल्या दिवशी तीन-चारदा धुवावी लागते. कडूपणा थोडा कमी होतो, जात नाही. पण ती कच्ची खायचा विचार असेल तर थांबा. 2011 च्या मे-जूनमध्ये उत्तर जर्मनीत कच्च्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची मोठी साथ पसरली. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. शोध घेत घेत तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोचला. जंतू बियांबरोबरच आले असतील तर आपण हात कितीही स्वच्छ धुतले तरी ते जात नाहीत, आणि मोडाला लागते तीच ऊब नि तोच ओलावा त्यांनाही मानवतो. म्हणून माझ्या घरात मोड, मग ते कशाचेही असोत, चांगली वाफ आणूनच ताटात येतात. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, नुकतं आजारातून उठलेलं कुणी, यांना कच्चे मोड देऊच नका. वाफवल्यानं क जीवनसत्त्व थोडं घटतं, तेवढं वरून लिंबू पिळून भरून निघतं.

सोयाबीन खायचंच असेल तर वाण्याकडचं, आणि मोड आल्यावरही नीट शिजवून. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. राजमा आणि वाल यांचंही तसंच, मोड आले म्हणून ते कच्चे खाण्याजोगे होत नाहीत, पूर्ण मऊ होईपर्यंत उकळा.

ज्वारीबद्दल तर आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ज्वारीची कोवळी पोगरं खाल्ली की जनावराला किराळ लागते, घटकाभरात जनावर आडवं होतं. कोवळ्या कोंबात असलेल्या द्रव्यापासून पोटात सायनाइडचं विष तयार होतं. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबातही तेच द्रव्य असतं. म्हणून ज्वारीचे मोड कोशिंबिरीत घालू नका. सत्त्वासाठी ज्वारीला मोड आणतात तेव्हा ती कडक वाळवून कोंब नि मुळं चोळून पाखडून टाकतात, मग भाजून दळतात. मोडांच्या नादाला नव्यानं लागलेल्या माणसानं ज्वारी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अळीव, सब्जा, जवस ही बियांची वेगळी जात. पाण्यात पडली की भोवती चिकट आवरण येतं, वाटीत भिजवली तर गोळा होतो. ती भिजवायचीच नाहीत. ताटलीत जाड सुती कापड ओलं करून त्यावर अळीव कोरडेच विरळ भुरभुरा, हातानं पाण्याचा शिपका मारत राहा. पाच-सात दिवसांत दोन बोटं उंच हिरवी रोपं येतात, ती कात्रीनं कापायची, चवीला मोहरीसारखी झणझणीत. मोहरीही अशीच.

आणि करडई. तुमच्या यादीत ती नव्हती, मी मुद्दाम घालते आहे. कोवळ्या करडईची भाजी आपण थंडीत आवडीनं खातोच. घरची करडई आठ तास भिजवून पसरट कुंडीत चाळलेल्या मातीवर दाट टाका, वर मातीचा पातळ थर द्या. आठ-दहा दिवसांत कापायला येते. पानांना चिकटलेली टरफलं हातानं काढावी लागतात. शेंगदाण्याचं कूट घालून जरा परतली की ताटात दुसरं काही नको वाटतं.

हे सगळं नवीन वाटत असेल तर घट आठवा. घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर वावरातली माती घालून गहू, ज्वारी, हरभरा, करडई पेरतो, रोज पाणी घालतो, आणि दसऱ्याला ते पिवळं धान टोपीत खोचतो. ते पिवळं राहतं कारण देवघरात ऊन नसतं. खाण्यासाठी वाढवाल तेव्हा उगवल्यावर कुंडी खिडकीच्या उजेडात सरकवा, पानं हिरवी होतात. दुपारचं ऊन मात्र लागू देऊ नका, एका दिवसात मान टाकतात.

पौष्टिकतेबद्दल एकच सांगते, कारण लोक मोडांनी डाळीची जागा घ्यायला बघतात. मोडांनी पचन सोपं होतं, पोटातला वायू कमी धरतो, क जीवनसत्त्व येतं. पण कोरड्या मुगात शंभर ग्रॅमला चोवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मोड आलेल्या मुगात शंभर ग्रॅमला त्याहून बरीच कमी, कारण त्यात पाणीच जास्त असतं. वाढत्या मुलांच्या ताटातलं वरण कमी करू नका.

राहिलं ते तीन मजली भांडं. त्याच्या खालच्या मजल्यात पाणी साचतं, कोपऱ्यात हात जात नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात तिथूनच वास सुरू होतो. घेतलंच असेल तर दर वेळी खालचं पाणी ओता नि ब्रशानं घासा. घेतलं नसेल तर आठवडी बाजारात बुरडाकडून दोन लहान दुरड्या घ्या, एक वापरात नि एक वाळत. वापरलेली दुरडी उकळत्या पाण्यानं विसळून कडक उन्हात पालथी टाका. बांबू काळा पडला, तिथं बोटाला बुळबुळीत लागलं, की ती मोडांतून काढून कांदे ठेवायला घ्या.