ख्रिस्ती माणूस उजव्या विचारांचाच असतो का?

तुम्ही विचारलंय, अमेरिकेच्या बातम्यांत चर्च आणि कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारण नेहमी हातात हात घालून दिसतं, तर ख्रिस्ती धर्मातच असं काही आहे का, की माणूस उजवीकडे झुकतो?

मी मूळचा अहमदनगरचा. (आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही.) घर तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. गेली चौदा वर्षं जॉर्जियात, अटलांटाच्या बाहेर राहतो. पहिल्याच वर्षी शेजाऱ्याने कुंपणापलीकडून विचारलं, तुम्ही हिंदू का? म्हटलं, नाही, ख्रिस्ती. गड्याचा चेहरा असा खुलला की पुढची दहा मिनिटं बंदुका, कर आणि ओबामा या विषयांवर तो मला आपलाच माणूस समजून बोलत होता. माझं मत विचारायची गरजही त्याला वाटली नाही.

गंमत अशी की ओबामा शिकागोत वीसेक वर्षं ज्या चर्चला जात होते, ते माझ्याच मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) माहेरचं. आमच्याकडे आलेले मिशनरी न्यू इंग्लंडचे काँग्रेगेशनल पंथाचे. ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले, १८४२ मध्ये त्यांनी ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. जोतिबा फुले नगरला येऊन ज्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून गेले, त्या बाई याच मिशनच्या. हाच पंथ १९५७ मध्ये दुसऱ्या एका पंथात मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ झाला. आज ते अमेरिकेतल्या सगळ्यात उदारमतवादी चर्चांपैकी एक आहे. समलिंगी विवाहाला समान हक्क द्यावा असा ठराव त्यांनी २००५ सालीच केला, तोही इथे अटलांटात भरलेल्या सभेत. म्हणजे नगरच्या आम्हा लोकांना ज्यांनी बायबल दिलं, त्यांचे वारस आज माझ्या शेजाऱ्याच्या हिशोबाने ‘ख्रिस्तीच नव्हेत’.

तेव्हा धर्मातच ते असतं, हे उत्तर टिकत नाही. मग हे नातं आलं कुठून? ते फार जुनंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा बायबल अक्षरशः मानणारा नेता होता. उत्क्रांतिवाद शिकवण्याविरुद्ध १९२५ च्या गाजलेल्या खटल्यात तो उभा राहिला. पण हाच माणूस तीन वेळा डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार होता आणि बँकवाल्यांविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू घेऊन बोलायचा. आजच्या कोणत्या खणात त्याला ठेवाल?

दक्षिणेत राहत असल्यामुळे मला बॅप्टिस्टांची गोष्ट जवळून दिसते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे इथला सर्वात मोठा प्रोटेस्टंट पंथ, १८४५ मध्ये याच जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी स्थापन झाला. भांडण कशावरून, तर गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही. उत्तरेकडचे नाही म्हणाले, दक्षिणेकडच्यांनी वेगळी चूल मांडली. त्याबद्दलची माफी मागायला १९९५ उजाडावं लागलं. त्याआधीचा इतिहास तर आणखी वेगळा. सरकारी मान्यता असलेल्या चर्चकडून छळ सोसलेले बॅप्टिस्टच धर्म आणि सरकार वेगळे ठेवा म्हणून ओरडत होते. ‘धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत’ हे जेफरसनचं प्रसिद्ध वाक्य १८०२ सालच्या एका पत्रातलं आहे आणि ते पत्र कनेक्टिकटमधल्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेलं आहे. आज त्यांच्यापैकी कित्येकांना ती भिंतच नको आहे.

गर्भपाताचा मुद्दा पाहा. आज तो या युतीचा कणा वाटतो. पण १९७१ मध्ये याच सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी. १९७३ मध्ये गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेड निकाल आला, तेव्हाही बरेच इव्हँजेलिकल (बायबलवर आणि धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट) लोक ‘हे कॅथलिकांचं प्रकरण’ म्हणून लांबच होते. ठरावाची भाषा पुरती उलटली ती १९८० मध्ये.

मधल्या सात-आठ वर्षांत काय झालं, तिथे खरी गोम आहे. शाळांमधलं वंशभेदी धोरण कोर्टाने बंद पाडल्यावर दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी खासगी ‘ख्रिश्चन’ शाळा भराभर निघाल्या. कर खात्याने सांगितलं, काळ्या मुलांना दार बंद असेल तर करसवलत मिळणार नाही. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ मध्ये गेली. १९७८ मध्ये खासगी शाळांसाठी आणखी कडक नियम सुचवले गेले आणि पाळक (म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक) खवळले. पॉल वायरिख हा उजव्या राजकारणाचा संघटक (स्वतः कॅथलिक) कित्येक वर्षं या मतदारांना एकत्र आणणारा मुद्दा शोधत होता. त्यानेच पुढे सांगितलं की लोक पेटले ते गर्भपातावरून नव्हे, शाळांच्या या प्रकरणावरून.

सगळं वंशद्वेषातून आलं, असं म्हणून मोकळं होणं मला मात्र पटत नाही. शाळेतली सरकारी प्रार्थना १९६२ मध्ये कोर्टाने बंद केली होती, लैंगिक नीतिमत्ता डोळ्यांदेखत बदलत होती, स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीविरुद्ध हजारो गृहिणी स्वतःहून उभ्या राहिल्या होत्या. आपलं गाव, आपली शाळा, आपली मुलं हातातून निसटतायत ही भीती त्यांच्यापुरती खरी होती. वायरिखसारख्यांनी त्या भीतीला पत्ता दिला, मतदान केंद्राचा.

जेरी फॉलवेल हे त्याचं चालतं-बोलतं उदाहरण. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग मोर्चे काढत होते, तेव्हा या पाळकाने उपदेश केला होता की धर्मोपदेशकाचं काम आत्मे जिंकण्याचं, राजकारणाचं नव्हे. त्याच गृहस्थाने १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली! पुढच्याच वर्षी त्यांनी कुणाला हरवायला हातभार लावला, तर जॉर्जियाच्याच जिमी कार्टरना. अध्यक्ष असतानाही रविवारी बायबल शिकवणारा बॅप्टिस्ट माणूस हरला. जिंकले ते घटस्फोटित हॉलिवूड नट रोनाल्ड रेगन, ज्यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल केला होता. त्यामुळे २०१६ मध्ये दहातल्या आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ट्रम्पना मत दिलं, तेव्हा लोकांना धक्का बसला, मला फारसा बसला नाही. उमेदवार किती धार्मिक आहे हा निकष चाळीस वर्षांपूर्वीच गळून पडला होता. आपल्या बाजूने लढेल का, एवढंच उरलं होतं. आणि ट्रम्पनी नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या जोरावर २०२२ मध्ये रो निकाल रद्दही झाला. सौदा म्हणून पाहिलं तर त्यांना दाम पुरेपूर मिळाला.

मी एकदा कार्टरांचा वर्ग ऐकायला प्लेन्स गावी गेलो होतो. पहाटे रांगेत उभं राहून जागा मिळाली. वर्गात त्यांनी पक्षाचं नावही घेतलं नाही. स्त्रियांनी पाळक होऊ नये या भूमिकेमुळे त्यांनी २००० मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन सोडलं होतं, पण बायबल शिकवणं सोडलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नातली ‘ख्रिस्ती’ ही मोट जरा सोडून बघा. माझ्या रस्त्यावर दोन बॅप्टिस्ट चर्च आहेत. दोन्हीकडे बुडवून बाप्तिस्मा, तेच बायबल, लग्न, दारू नि मुलांच्या शिस्तीबद्दल जवळपास तेच उपदेश. एकात बहुतेक गोरे लोक, दुसऱ्यात काळे. पहिल्या प्रकारच्या चर्चमधले दहातले आठ रिपब्लिकनांना मत देतात, दुसऱ्या प्रकारच्या चर्चमधले दहातले आठ-नऊ डेमोक्रॅटांना. श्रद्धेने मत ठरत असतं तर हा फरक पडला नसता. आपण देशाचे मालक आहोत की पंगतीबाहेर बसवलेले, ही आठवण श्रद्धेपेक्षा जास्त बोलते.

आमच्या नगरकडे पाहिलं तरी हेच. माझे थोरले काका मंडळीत पंच होते. घटस्फोट, दारू, मुलींचे कपडे यांवर त्यांना बोलतं केलंत तर जॉर्जियातला कुठलाही कट्टर पाळक मान डोलावेल. त्या २००५ च्या ठरावाबद्दल मी त्यांना सांगितलं, तेव्हा आपल्या मिशनच्या लोकांनी असं केलं यावर त्यांचा विश्वासच बसेना. पण आयुष्यात त्यांनी एकदाही उजव्या पक्षाला मत दिलेलं नाही. आजोबा गावकुसाबाहेरून आलेले, त्यात आता ख्रिस्ती, म्हणजे दुहेरी अल्पसंख्याक. परंपरा जपणाऱ्या पक्षाला मत द्यायचं, तर कुणाची परंपरा हा त्यांचा पहिला प्रश्न.

गेल्या निवडणुकीत त्यांनी फोनवर विचारलं, “तिकडं आपली माणसं कुणाला मत देतात रे?”

मी म्हटलं, “काका, आपली म्हणजे कोणती?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं, जेवलास का?”