पुराचे पाणी ओसरल्यावर कारखाना लवकर सुरू करण्यासाठी सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी एक गोष्ट करू नये: यंत्रे चालतात का हे पाहण्यासाठी वीज सुरू करू नये. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ मोटारींच्या गुंडाळ्यांत आणि बेअरिंगमध्ये बसलेला असतो. म्हणून मोटारी उघडून स्वच्छ पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळवाव्यात आणि मेगर या विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने इन्सुलेशन (तारांवरील वीजरोधक आवरण) तपासल्यावरच जोडाव्यात. बुडालेले सर्किट ब्रेकर आणि फ्यूज मात्र वाळवून वापरण्याचा मोह टाळून बदलावेत, कारण ते ऐन वेळी दगा देतात. साफसफाईपूर्वी भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह सर्व नुकसानीची छायाचित्रे विम्यासाठी घ्यावीत.

यंत्रांपेक्षाही मला कामगारांची चिंता अधिक महत्त्वाची वाटते. त्यांचीही घरे पाण्याखाली गेलेली असतात, आणि त्या दिवसांत वेतनाची आगाऊ रक्कम, पिण्याचे पाणी व औषधे मिळाली नाहीत, तर दुरुस्त केलेल्या यंत्रांवर काम करायला अनुभवी माणसेच उरत नाहीत.

वेळेचा अंदाजही प्रामाणिक ठेवावा. २०११ मध्ये थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या पुरात सात औद्योगिक वसाहती बुडाल्या, जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा झाला, आणि अयुथया येथील होंडाचा ऑक्टोबरमध्ये बुडालेला मोटार कारखाना मार्च २०१२ अखेरीस पुन्हा सुरू झाला. लहान कारखान्यांपाशी अशा मोठ्या कंपन्यांइतके भांडवल नसते, त्यामुळे कर्जफेडीला मुदतवाढ आणि खेळत्या भांडवलासाठी तातडीचे कर्ज यांची मागणी बँकेकडे पहिल्याच आठवड्यात लेखी करावी.