तोर्चेल्लो बेटासाठी अर्धा दिवस द्यावा का?

तुम्ही विचारले आहे की, आई-वडिलांना घेऊन तीन दिवसांसाठी व्हेनिसला जात असताना त्यातला अर्धा दिवस जवळच्या तोर्चेल्लो बेटासाठी काढावा का, तिथे दोन जुन्या चर्चखेरीज पाहण्यासारखे काही नाही हे खरे आहे का, आणि ख्रिस्ती परंपरेची ओळख नसलेल्या माणसाला त्या चर्चमध्ये काय कळणार. माझे स्पष्ट मत असे की अर्धा दिवस अवश्य द्यावा, आणि त्यासाठी व्हेनिसमधले एखादे गर्दीचे ठिकाण सोडावे लागले तरी सोडावे. मी या बेटावर निरनिराळ्या ऋतूंत गेलो आहे आणि दर वेळी तिथली मुख्य इमारत मला अधिक समजत गेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिथे दोन चर्चखेरीज फारसे काही नाही, हे खरे आहे. दोन चर्च, एक उंच घंटामनोरा, एक छोटे संग्रहालय, गवताचा एक मोकळा चौक, काही शेते, मोजकी उपाहारगृहे आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी वस्तीची घरे, इतकेच आज बेटावर आहे. परंतु हे रितेपण मुळातले नाही. दहाव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने आपल्या ग्रंथात तोर्चेल्लोचा उल्लेख मोठी व्यापारपेठ म्हणून केला आहे. त्या काळी येथे हजारोंची वस्ती होती, बिशपचे, म्हणजे प्रांताच्या मुख्य ख्रिस्ती धर्मगुरूचे, पीठ होते, घाट होते, वाडे होते. व्हेनिस अजून आकाराला येत असताना या भागातले भरभराटीचे शहर हे होते. ही गोष्ट मनात ठेवून बेटावर पाय ठेवला, तर धक्क्यापासून चौकापर्यंतची कालव्याकाठची वाट निर्जन न वाटता एका नाहीशा झालेल्या शहराचा रस्ता वाटू लागते.

हे शहर वसले कसे, ते थोडक्यात सांगतो. समोरच्या मुख्य भूमीवर अल्तिनो नावाचे समृद्ध रोमन नगर होते. पाचव्या शतकात, 452 साली, अटिलाच्या हूणांनी हा प्रदेश उद्ध्वस्त केला, आणि 568 पासून लोंबार्ड टोळ्या उत्तर इटलीत शिरून कायमच्या स्थायिक होऊ लागल्या. मुख्य भूमीवरचे लोक टप्प्याटप्प्याने लगूनमधल्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या सरोवरातल्या, बेटांकडे सरकले, कारण त्या उथळ, चिखलाच्या आणि वळणावळणाच्या पाण्यात वाट माहीत नसलेल्या सैन्याला शिरता येत नसे. अल्तिनोतील पक्षी आपली पिल्ले चोचीत धरून नगर सोडून गेले आणि ते पाहून लोकांनीही नगर सोडले, अशी आख्यायिका सांगतात. अखेर सातव्या शतकात तिथल्या बिशपनेही आपले पीठ तोर्चेल्लोला हलवले. परंपरेनुसार अल्तिनोच्या लोकांनी आपल्या नगराच्या सहा वेशींची नावे सहा बेटांना दिली. त्यांतील मुरानो, बुरानो, मात्सोर्बो आणि तोर्चेल्लो आजही आहेत, तर अम्मियाना आणि कोस्तान्त्सियाको ही दोन वस्त्यांसह खाजणात आणि पाण्यात विरून गेली.

आता सांता मारिया असुंता या मुख्य चर्चविषयी, कारण तुमच्या अर्ध्या दिवसाचा मोठा भाग तिथे गेला पाहिजे. आत गेल्यावर वेदीच्या डाव्या बाजूच्या भिंतीत एक शिलालेख बसवलेला दिसेल. सम्राट हेराक्लियसच्या कारकिर्दीत, रावेन्नाचा बायझंटाइन सुभेदार इसाक याच्या आज्ञेने हे चर्च उभारले गेल्याची त्यावर नोंद आहे, आणि त्यावरून स्थापनेचे साल 639 ठरते. आपल्याकडे त्या सुमारास चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता आणि त्याचा ऐहोळेचा शिलालेख पाचच वर्षांपूर्वी, 634 साली, कोरला गेला होता. हा दगड 1895 मध्ये सापडला, आणि व्हेनिसच्या इतिहासातील सर्वांत जुन्या लिखित पुराव्यांत त्याची गणना होते. व्हेनिसचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत मार्कचे अवशेष तिथे आले ते 828 साली, म्हणजे या शिलालेखानंतर जवळजवळ दोन शतकांनी. आजची वास्तू नवव्या शतकातील फेरबदलांनंतर मुख्यतः 1008 च्या सुमारास, ओर्सो ओर्सेओलो हा बिशप असताना, सिद्ध झाली. हा बिशप व्हेनिसच्या तत्कालीन दोजेचा, म्हणजे राज्यप्रमुखाचा, मुलगा होता. व्हेनिसमधील सान मार्कोच्या आजच्या चर्चचे बांधकाम 1063 मध्ये सुरू झाले, तेव्हा तोर्चेल्लोची ही वास्तू अर्ध्या शतकाची झाली होती.

बाहेरून ही इमारत साधी, विटांची आणि काहीशी कठोर दिसते. दक्षिणेकडच्या खिडक्यांना दगडाच्या अखंड शिळांची झडपे दगडी बिजागऱ्यांवर बसवलेली आहेत. आत जाण्यापूर्वी बाजूने जाऊन ती जरूर पाहावीत.

आत दोन भिंती समोरासमोर आहेत, आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसाला काय कळेल या तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन भिंतींतच आहे. पूर्वेकडच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर, वेदीच्या वर, सोनेरी मोझेकचा, म्हणजे बारीक तुकड्यांच्या जडावकामाचा, विस्तीर्ण अवकाश आहे आणि त्यात ख्रिस्ताची आई मेरी बालकाला डाव्या हातावर घेऊन एकटी उभी आहे. तिच्या आजूबाजूला देवदूत नाहीत, सिंहासन नाही, निसर्ग नाही. गडद निळ्या वस्त्रातील सडपातळ, उंच आकृती आणि भोवती केवळ सोने. उजव्या हाताने ती बालकाकडे निर्देश करते. तिच्या पायांखालच्या पट्ट्यात ख्रिस्ताचे बारा प्रेषित, म्हणजे प्रमुख शिष्य, फुललेल्या हिरवळीवर ओळीने उभे आहेत. ही चित्रे अकराव्या-बाराव्या शतकातली आहेत. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवून केलेले बारीक चौकोनी तुकडे किंचित वेगवेगळ्या कलांनी बसवलेले असल्यामुळे, तुम्ही चालू लागलात की प्रकाशही भिंतीवर चालू लागतो. म्हणून एका जागी उभे राहून पाहू नये. दाराजवळून निघून मधल्या दालनातून सावकाश वेदीकडे जावे आणि नजर तिच्यावर ठेवावी.

मग मागे वळावे. पश्चिमेची संपूर्ण भिंत, छतापासून दारापर्यंत, अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या अंती सर्व मृतांच्या होणाऱ्या निवाड्याच्या, मोझेकने व्यापलेली आहे, आणि ती वरून खाली वाचायची असते. सर्वांत वर क्रुसावरचा ख्रिस्त आहे. त्याखालच्या पट्ट्यात मोठ्या आकाराचा ख्रिस्त पाताळाची दारे पायांखाली तुडवून पहिला मानव आदाम याला हाताला धरून बाहेर काढतो. मोडलेली कुलुपे आणि किल्ल्या त्याच्या पायांशी विखुरलेल्या आहेत. त्याखाली न्यायाधीशाच्या रूपातील ख्रिस्त दोन्ही बाजूंच्या प्रेषितांसह बसला आहे आणि त्याच्या तेजोवलयातून अग्नीचा एक ओघ निघून थेट खाली नरकात उतरतो. पुढच्या पट्ट्यात देवदूत तुताऱ्या फुंकतात, आणि त्या नादासरशी जमिनीवरची श्वापदे व समुद्रातले जलचर आजवर गिळलेली माणसे परत ओकू लागतात. मला हा भाग फार भिडतो, कारण ज्यांचे दफनही होऊ शकले नाही अशा बुडालेल्या नावाड्यांनाही न्याय मिळेल, असे आश्वासन समुद्रावर पोट असलेल्या लोकांच्या चर्चमध्ये भिंतीवर मांडलेले आहे.

दाराच्या अगदी वर तराजू आहे. देवदूत तो धरून उभा आहे आणि काळसर सैतान पापांच्या पिशव्या व लांब काठ्या घेऊन पारडे आपल्याकडे झुकवू पाहतात. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला स्वर्ग आहे, उजव्या हाताला नरक. नरकाचे वेगवेगळे कप्पे केले आहेत: ज्वाळांत बुडालेली डोकी आहेत आणि त्यांत मुकुट घातलेलीही आहेत, भुकेने स्वतःचेच हात चावणारे खादाड आहेत, मत्सरी लोकांच्या कवट्यांच्या डोळ्यांच्या खोबणींतून साप वळवळतात, आळशांची केवळ विखुरलेली हाडे उरली आहेत. हे समजण्यासाठी ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. कर्माचा हिशेब होतो आणि तिथे राजाचा मुकुट उपयोगी पडत नाही, ही कल्पना तुमच्या आई-वडिलांना सांगावी लागणार नाही. आणि जे थोडे सांगावे लागेल ते असे: चर्चमध्ये येणारा भाविक मेरीकडे तोंड करून प्रार्थना करत असे, आणि घरी परतताना त्याला या न्यायाच्या भिंतीला सामोरे जाऊन, त्या तराजूच्या खालून बाहेर पडावे लागे. दोन्ही भिंती मिळून एकच विधान करतात. त्यामुळे नुसते एक मोझेक पाहून, छायाचित्रासारखे डोळ्यांत साठवून निघालेल्या माणसाला या चर्चचा अर्धाच अर्थ हाती लागतो. मात्र या पश्चिम भिंतीचे काही भाग, विशेषतः वरचे, एकोणिसाव्या शतकात बरेच दुरुस्त केलेले आहेत, हे लक्षात ठेवून पाहावे.

या दोन्हींच्या मध्ये संगमरवरी तुकड्यांची नक्षीदार फरशी आहे, आणि वेदीपुढच्या पडदीवर एकाच पात्रातून पाणी पिणाऱ्या मोरांच्या जोडीचे अतिशय नाजूक कोरीवकाम आहे. ख्रिस्ती कलेत मोर अमरत्वाचे चिन्ह मानला जात असे. वेदीखाली एका रोमन शवपेटीत अल्तिनोचा पहिला बिशप संत हेलिओदोरस याचे अवशेष ठेवलेले आहेत. नगर सोडताना लोकांनी आपला संतही बरोबर आणला होता. उजवीकडच्या लहान गर्भगृहाच्या छतावर चार देवदूतांनी उचलून धरलेले, ख्रिस्ताचे प्रतीक असलेले कोकरू आहे. ते रावेन्नाच्या सान विताले चर्चमधील छताशी नाते सांगते.

शेजारचे सांता फोस्का हे चर्च अकराव्या-बाराव्या शतकातले, लहान आणि मध्यबिंदूभोवती रचलेले आहे. त्याला बाहेरून कमानींची ओसरी आहे. मध्यावर घुमट बांधण्याचा विचार असावा, परंतु प्रत्यक्षात लाकडी छप्पर आले. आत चित्रे नाहीत, केवळ विटा, खांब आणि प्रमाणबद्ध मोकळी जागा आहे. एवढी चित्रे पाहिल्यानंतर पाच-दहा मिनिटे तिथे बसावे. चौकातल्या दगडी आसनाला अटिलाचे सिंहासन म्हणतात. अटिलाशी त्याचा संबंध नाही; ते बहुधा स्थानिक अधिकाऱ्याचे न्यायदानाचे आसन असावे.

मग हे शहर गेले कुठे? नद्यांनी आणलेल्या गाळाने कालवे उथळ होत गेले, गोडे आणि खारे पाणी मिसळून दलदल वाढली, त्यात हिवताप पसरला, आणि दुसरीकडे व्यापार व सत्ता व्हेनिसकडे सरकली. सिले नदीचा प्रवाह व्हेनिसच्या शासनाने वळवला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे तोर्चेल्लोसाठी फारच उशिरा. 1689 मध्ये बिशपही मुरानोला राहायला गेला. रिकाम्या वाड्यांचे दगड, खांब आणि विटा लोकांनी होड्यांत भरून व्हेनिसच्या बांधकामांसाठी नेल्या. जुने गोवे रोगराईने ओस पडले, राजधानी पणजीला गेली आणि पडक्या इमारतींचे दगड तिकडे वाहून नेले गेले, हा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला या बेटाची गती लगेच उमगेल. दोन्ही ठिकाणी घरे गेली आणि चर्च तेवढी उरली. उत्खननात येथे मध्ययुगाच्या आरंभीच्या, काच वितळवण्याच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले आहेत, त्यामुळे मुरानोत काचकाम पाहताना त्या कलेचा जुना पत्ता तोर्चेल्लोचाही आहे हे ध्यानात ठेवावे.

आता व्यवहाराचे बोलतो. व्हेनिसच्या उत्तर किनाऱ्यावरील फोंदामेन्ते नोवे धक्क्यावरून बुरानोकडे जाणारी सार्वजनिक बोट घ्यावी. प्रवास पाऊण तासाच्या आसपासचा आहे. काही बोटी तोर्चेल्लोला थांबतात, काहींसाठी बुरानोला बोट बदलावी लागते, आणि तेथून तोर्चेल्लो काही मिनिटांवर आहे. वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, म्हणून आदल्या दिवशी पाहून ठेवावे. बहुतेक प्रवासी आधी बुरानोची रंगीत घरे पाहतात आणि दमल्यावर तोर्चेल्लोला येतात. तुम्ही हा क्रम उलटा करावा. मुख्य चर्च साधारण दहा-साडेदहाच्या सुमारास उघडते. त्या वेळी दाराशी असलात तर आतली शांतता तुम्हाला लाभेल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

आई-वडिलांची काळजी करू नका. धक्क्यापासून चौकापर्यंतची वाट सपाट असून सावकाश चालले तरी दहा-पंधरा मिनिटांची आहे. वाटेत कठडे नसलेला जुना 'सैतानाचा पूल' लागतो. त्यावर चढण्याची आवश्यकता नाही, तो वाटेवरून पाहिला तरी पुरे. घंटामनोरा उघडा असल्यास तुम्ही एकट्याने चढून यावे. वरून भरती-ओहोटीने कोरलेली खाजणे, बुरानोचा कललेला मनोरा आणि हवा स्वच्छ असल्यास उत्तरेला आल्प्सची रांग दिसते, आणि अल्तिनोचे लोक कुठून कुठे आले ते एका नजरेत समजते. तोवर आई-वडिलांना संग्रहालयात बसता-फिरता येईल; तिथे चर्चमधील मोझेकचे काही मूळ तुकडे आणि वेदीवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या फलकाचे अवशेष जवळून पाहता येतात. उन्हाळ्यात डास फार असतात आणि सावली कमी, म्हणून निवड तुमच्या हाती असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. बेटावरचे जेवण महाग आहे आणि शाकाहारी पदार्थ मोजके, त्यामुळे पाणी व थोडा फराळ बरोबर ठेवून दुपारचे जेवण बुरानोला घ्यावे.