सरळ खाली कोसळणाऱ्या रोलर कोस्टरच्या डिझाइनमध्ये आणि खर्चात एवढा फरक का असतो?

तुमचा प्रश्न असा आहे: जपानमधला ताकाबिशा 121 अंशांत, म्हणजे उभ्या रेषेच्याही आत वळून खाली येतो, इंग्लंडमधला ऑब्लिव्हियन 87.5 अंशांवरच थांबतो. मग अंश जास्त तो कोस्टर महाग असं धरायचं का? आणि असं काही महाराष्ट्रात उभं करायचं झालं तर पैसा नेमका कशात जाईल? मी स्टील स्ट्रक्चर डिझाइन करते आणि या कोस्टरांबद्दल जे मिळेल ते वाचत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंशांवरून खर्चाचा अंदाज बांधू नका. जाहिरातीत अंश मोठ्या अक्षरांत छापतात, कारण तो आकडा लक्षात राहतो. पण ट्रॅकचा पाइप वाकवायचाच आहे, तर तो 90 अंशांत वाकवा नाहीतर 121 अंशांत, फॅब्रिकेशनच्या बिलात त्याने फारसा फरक पडत नाही. खरा खर्च तळाच्या वळणात आहे.

थोडा हिशोब करू. ऑब्लिव्हियनचा ड्रॉप 55 मीटरचा आहे आणि तळाशी वेग ताशी 110 किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण 30 मीटर. तिथून गाडी आडवी करायची आहे. बसणाऱ्याला त्याच्या वजनाच्या चौपटीपेक्षा जास्त भार जाणवू द्यायचा नाही असं ठरवलं, तर वळणाची त्रिज्या सुमारे 32 मीटर लागते. 55 मीटरच्या ड्रॉपमधले 32 मीटर एकट्या वळणाने खाल्ले! प्रत्यक्षात त्रिज्या सगळीकडे सारखी ठेवत नाहीत. वर वेग कमी असतो तिथे वळण घट्ट आणि खाली सैल ठेवून बरीच उंची वाचवतात. तरीही ‘सरळ उभा’ म्हणावा असा भाग फार थोडा उरतो. ड्रॉप दुप्पट केला की वेगाचा वर्गही दुप्पट होतो, म्हणून त्रिज्याही दुप्पट लागते. त्यासोबत खांब उंच होतात, पाया मोठा होतो, आणि पुढे त्या वेगाने धावणाऱ्या गाडीला ट्रॅकही लांब द्यावा लागतो. उंचीचा प्रत्येक मीटर असा चारी बाजूंनी पैसे मागतो.

121 अंशांचा आत वळलेला भाग मात्र वर असतो. तिथे गाडीने अजून वेगच घेतलेला नसतो, त्यामुळे भार कमी आणि वळण छोटं. उलट त्याने जागा वाचते, कारण ड्रॉप वर चढणाऱ्या ट्रॅककडेच परत वळतो. जर्मनीची गेर्स्टलाउअर कंपनी हेच करते. तिचे असे बरेच कोस्टर साखळीवर सरळ उभे वर चढतात आणि आत वळून खाली येतात, म्हणून लहानशा जागेत मावतात. 2019 मध्ये न्यू जर्सीच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये त्यांनी 121.5 अंशांचा शेलरेझर चक्क इमारतीच्या आत बसवला.

मग ताकाबिशाला (फुजी-क्यू हायलँड पार्क, 2011) 300 कोटी येन का लागले? ड्रॉप तर 43 मीटरचाच आहे. पण ट्रॅक एक किलोमीटर लांब आहे, त्यात गाडी सात वेळा उलटीपालटी होते, आणि मध्ये लिनियर मोटरचा (रुळालगतच्या विद्युतचुंबकांनी गाडी पुढे ढकलणारा) लाँच आहे, जो दोनेक सेकंदांत गाडीला ताशी 100 किमीवर नेतो. पैसा या गोष्टींत गेलाय. 121 हा आकडा त्यांना त्या मानाने स्वस्तात पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडी. मला या सगळ्यात तीच सर्वांत सुंदर वाटते. नेहमीच्या कोस्टरची गाडी लांब असते. ती कड्यावरून खाली जाताना पुढचे प्रवासी लटकतात आणि मागचे अजून सपाटीवरच असतात. प्रत्येकाचा अनुभव वेगळा. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीने 1998 मध्ये ऑब्लिव्हियनसाठी गाडीची लांबी काढून रुंदी वाढवली: आठ-आठच्या फक्त दोन रांगा. सोळाच्या सोळा जण जवळजवळ एकाच क्षणी पडतात. मी त्यात पहिल्या रांगेत बसले आहे. कड्यावर आल्यावर पुढचा रूळ दिसतच नाही. दिसतं जमिनीतलं काळं भोक आणि त्यातून वर येणारं धुकं. साखळीचा आवाज बंद होतो, गाडी काही सेकंद तशीच तोल धरून लटकते, स्पीकरवरून ‘खाली बघू नका’ असं सांगतात, आणि मग सोडून देतात. शेवटचे अडीच अंश कमी असल्याचं शरीराला अजिबात कळत नाही.

त्याच कंपनीचा फ्लोरिडातला शीक्रा (2005) तीन रांगांत 24 जण नेतो आणि खरोखर 90 अंशांत पडतो. व्हर्जिनियातल्या ग्रिफनमध्ये (2007) तर दहा-दहाच्या तीन रांगा आहेत. पण रुंदीची किंमत मोजावी लागते. टोकाची सीट रुळापासून बरीच बाहेर लोंबते, त्यामुळे गाडी एका अंगावर कलली की तिथल्या माणसाला फार मोठ्या वर्तुळातून फिरावं लागतं. म्हणून या कोस्टरांची वळणं मोठी आणि संथ ठेवतात, आणि रुळाखालचा कणाही भक्कम लागतो. आठ जणांची छोटी गाडी घेतली तर वळणं घट्ट चालतात, पण तासाला तेवढीच माणसं न्यायला गाड्या जास्त लागतात. दोन गाड्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून ट्रॅकचे जितके तुकडे पाडाल, तितके ब्रेक, सेन्सर आणि कंट्रोल वाढले.

राहिली जमीन. ऑब्लिव्हियन ज्या पार्कमध्ये आहे त्या ऑल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये असं बंधन आहे. म्हणून ऑब्लिव्हियन जमिनीवर जेमतेम 20 मीटर उंच आहे. बाकी सगळा ड्रॉप खोदलेल्या खड्ड्यात जातो. 373 मीटरच्या ट्रॅकला 1 कोटी 20 लाख पौंड लागले, मीटरमागे सुमारे 32,000 पौंड. शीक्रा 61 मीटर उंच, 972 मीटर लांब, खर्च 1 कोटी 35 लाख डॉलर, म्हणजे मीटरमागे 14,000 डॉलरसुद्धा नाहीत. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कचा ‘बॅरन 1898’ (2015) या दोघांपुढे लहान आहे, ड्रॉप 37.5 मीटर आणि ट्रॅक 501 मीटर, तरी त्याला 1 कोटी 80 लाख युरो लागले. तिथे पैसा सोन्याच्या खाणीची इमारत, मनोरा आणि गाडीत बसण्याआधी दाखवली जाणारी गोष्ट यांत गेला. चलनं वेगळी, वर्षं वेगळी, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून ‘कोण स्वस्त’ ठरवू नका. पण ‘कोस्टरची किंमत’ म्हणून जे छापून येतं त्यात खोदकाम आणि सजावट किती आहे, हे आधी बघा.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर खोपोलीच्या इमॅजिकामधला नायट्रो याच बोलिगर अँड माबिलार्डचा आहे, उंची सुमारे 40 मीटर. पायाखाली फरशी नसलेली गाडी तिथे बसलेल्यांना ओळखीची असेल. शीक्राची गाडीही 2007 पासून तशीच आहे. म्हणजे या कंपनीचं यंत्र आपल्या हवेत चालतं, हा प्रश्न सुटलेला आहे. तिथे किंवा घाटाच्या पायथ्याला कुठेही असा कोस्टर करायचा झाला, तर मी खड्ड्याच्या विरोधात मत देईन. बेसॉल्ट फोडण्याचा खर्च एकदाच होतो, पण कोकणातल्या पावसात ते भोक चार महिने पंप लावून कोरडं ठेवावं लागेल. कातळावर पाया मात्र उत्तम बसतो, म्हणून वर जा. 90 अंश, 45 ते 50 मीटर, सहा-सहाच्या तीन रांगा, आणि ट्रॅक 500-600 मीटरपेक्षा लांब नको. अंश वाढवण्याचा मोह झाला तर तो पैसा कड्यावर गाडी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेवर आणि दरवर्षीच्या वेल्ड तपासणीवर घाला.